दोन कंपन्या, सहा संगणक

गेल्या दशलक्षण पर्वात आमच्या विद्यार्थी वसतिगृहास एका निवृत्त शिक्षिका भगिनींनी आपल्या दिवंगत पतींच्या स्मरणार्थ अडीच लाख रुपये दिले. ही रक्कम ज्ञानदानाकडेच लागावी, मुलांसाठी संगणक घ्यावेत, एवढीच त्यांची इच्छा होती. कोषाध्यक्ष या नात्याने दरपत्रके मागविण्याचे काम माझ्याकडे आले आणि दोनच दिवसांत ध्यानात आले की, आपण एका जुन्या भाऊबंदकीच्या मध्ये उभे आहोत. एक ज्येष्ठ विश्वस्त म्हणाले, "संगणक म्हणजे इंटेल. बाकीचे नावापुरते." वसतिगृहातील अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी तितक्याच आवेशाने सांगू लागला, "काका, आता इंटेल कोण घेतंय? एएमडीच घ्या." दोघांच्या बोलण्यात निष्ठा भरपूर होती, हिशेब नव्हता.

भाऊबंदकी हा शब्द मी सहज वापरलेला नाही. या दोन्ही कंपन्यांचे संस्थापक अमेरिकेतील फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर या एकाच घरातून बाहेर पडले. रॉबर्ट नॉइस आणि गॉर्डन मूर यांनी १९६८ मध्ये इंटेल काढली. जेरी सँडर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये एएमडी. १९८१ मध्ये आयबीएमने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला, तेव्हा त्यात इंटेलचा ८०८८ हा प्रोसेसर होता. परंतु एकाच पुरवठादारावर विसंबून राहण्यास आयबीएम तयार नव्हती. त्या आग्रहामुळे इंटेलने १९८२ मध्ये एएमडीशी करार केला आणि इंटेलच्याच रचनेचे प्रोसेसर बनविण्याचा अधिकार एएमडीला मिळाला. बँकेत ज्याने तिजोरीच्या दोन किल्ल्या दोन अधिकाऱ्यांच्या हाती ठेवण्याचा नियम आयुष्यभर पाळला, त्याला आयबीएमची ही सावधगिरी समजावून सांगावी लागत नाही. पुढे ३८६ प्रोसेसरच्या वेळी इंटेलने वाटा देण्याचे थांबविले. एएमडीने १९९१ मध्ये स्वतःचा ३८६ आणला. कज्जेदलाली चालू राहिली आणि १९९५ मध्ये समेट झाला.

त्या काळात आमच्या शाखेत लेजर पोस्टिंग मशीन आले होते. व्याजाची आकारणी आणि खात्यांचा मेळ यांसाठी आम्ही पूर्वी रात्री दहापर्यंत बसत असू. ते काम ते यंत्र करू लागले. त्याच्या आत कोणत्या कंपनीचा प्रोसेसर आहे, हे आम्हांपैकी कोणी कधी विचारले नाही. मेळ बसतो की नाही, एवढेच पाहिले जाई. पुढे 'इंटेल इनसाइड'ची छोटी चिकटपट्टी प्रत्येक यंत्रावर दिसू लागली आणि ग्राहक आतल्या वस्तूचे नाव घेऊन भांडू लागले. ती जाहिरात १९९१ ची. तिच्या यशाचे मला व्यापारी म्हणून कौतुक आहे, ग्राहक म्हणून नाही.

कर्ज मंजूर करताना आम्ही घराण्याचे नाव ऐकून घेत असू, पण ताळेबंद मागवूनच पुढे जात असू. त्याच दृष्टीने या दोघांकडे पाहिले तर कोणाचेच पारडे कायम जड राहिलेले नाही. एक गिगाहर्ट्झचा टप्पा २००० मध्ये एएमडीने आधी गाठला. आज आपल्या घराघरांत जी ६४ बिटांची रचना चालते, ती २००३ मध्ये एएमडीने आणली आणि इंटेलला पुढच्याच वर्षी ती स्वीकारावी लागली. मग २००६ च्या कोअर २ ड्युओने इंटेलने बाजी उलटविली. २०११ चे एएमडीचे एफएक्स प्रोसेसर इतके मागे पडले की, कंपनीला २०१३ मध्ये टेक्सासमधील ऑस्टिन येथील स्वतःचे आवार विकून तेच भाड्याने घ्यावे लागले. असा कर्जदार माझ्या टेबलापुढे आला असता तर मी तारण दुप्पट मागितले असते! २०१४ मध्ये लिसा सू यांनी सूत्रे घेतली, २०१७ मध्ये रायझन आला आणि चित्र पालटले. इकडे २०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीतील काही डेस्कटॉप प्रोसेसर अस्थिर होत असल्याचे कंपनीने मान्य केले आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढवून दिली. एएमडीवरही एफएक्सच्या 'आठ कोअर' या दाव्यावरून खटला झाला होता आणि २०१९ मध्ये तिने १ कोटी २१ लाख डॉलर देऊन तो मिटविला.

हा इतिहास मी विश्वस्तांच्या बैठकीत थोडक्यात सांगितला. विद्यार्थ्याने लगेच दुसरा मुद्दा काढला: एएमडीने २०१७ च्या सुमारास आलेल्या एएम४ या खाचेत कित्येक वर्षे नवे प्रोसेसर बसू दिले, इंटेल मात्र दर थोड्या वर्षांनी मदरबोर्डच बदलायला लावते. मुद्दा खरा होता. पण वसतिगृहाच्या संगणकाचा प्रोसेसर काढून नवा बसविलेला मी तरी पाहिलेला नाही. तो संगणक बंद पडेपर्यंत वापरला जातो.

दरपत्रके उघडली. इंटेलचा कोअर आय५-१२४०० घातलेला संगणक ४९,५०० रुपये, एएमडीचा रायझन ५ ५६००जी घातलेला ४७,८००. दोन्हींत सहा कोअर, दोन्हींत चित्रपटल चालविण्याची सोय आतच. (आय५-१२४००एफ घेतला तर ती सोय नसते, नावातील त्या एका अक्षरापायी वेगळे ग्राफिक्स कार्ड विकत घ्यावे लागते.) कोणाचेही घेतले तरी पाचच संगणक येत होते. वसतिगृहात मुले चौतीस. पाच आणि सहा यांतील फरक कागदावर लहान दिसतो. परीक्षेच्या दिवसांत रात्री रांगेत बसलेल्या मुलाला तो लहान नसतो.

तेव्हा मी मुलांनाच बोलावून विचारले की, तुम्ही नेमके काय करणार? टॅली, टंकलेखन, व्याख्याने ऐकणे, सराव परीक्षा, प्रोग्रामिंगचे धडे. एकानेही असे काम सांगितले नाही की ज्याला सहा कोअर हवेत. विद्यार्थ्याचा उत्साह थोडा ओसरला, पण तो प्रामाणिक मुलगा. त्यानेच कबूल केले की, या कामांना चार कोअर पुष्कळ झाले, एसएसडी आणि १६ जीबी मेमरी मात्र कमी करू नका. जुन्या संगणकाची हार्ड डिस्क काढून एसएसडी बसविली की तो किती चपळ होतो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे पटेल.

मोठे पडदे, रंगीत दिव्यांच्या पेट्या काढून टाकल्या. चार कोअरचा आय३-१२१०० घेतला. तो बाराव्या पिढीचा, म्हणजे वर सांगितलेल्या दोषाच्या बाहेरचा. येथे इंटेल निवडण्याचे कारण अगदी गावठी आहे: त्या मदरबोर्डचा सुटा माल आमच्या तालुक्याच्या गावी दोन दुकानांत मिळतो, एएमडीचा जिल्ह्याहून मागवावा लागतो आणि तोवर संगणक झाकून ठेवावा लागतो. जिल्ह्याच्या गावी असतो तर माझा कौल कदाचित उलट पडला असता. माझ्या घरी रायझनच आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही.

यूपीएससह एका संगणकास ४०,९०० रुपये पडले. सहांचे २,४५,४०० झाले. ज्येष्ठ विश्वस्तांना त्यांचे इंटेल मिळाले. ते का मिळाले याचे टिपण मी इतिवृत्तात मुद्दाम लिहून ठेवले आहे. उरलेले ४,६०० रुपये त्याच देणगीच्या नावे वेगळे जमा आहेत. दोन-तीन वर्षांत यूपीएसच्या बॅटऱ्या बदलाव्या लागतील, तेव्हा ते उपयोगी पडतील.