चौकटीच्या कडा

श्रावणात वासुलीच्या रस्त्यावरून भामचंद्राचा डोंगर एकटा कधीच दिसत नाही. पायथ्याकडे चाकण औद्योगिक क्षेत्रातील निळ्या पत्र्यांच्या शेड, रस्त्याच्या कडेला उभा कंटेनर, विजेच्या तारा, मोबाइलचा मनोरा आणि वर पांढुरके, रिकामे आकाश. संत तुकाराम महाराजांच्या चिंतनाचे हे स्थान. पाहणाऱ्याचा डोळा या गर्दीतून डोंगर तेवढा वेचून घेतो. कॅमेऱ्याजवळ तो विवेक नाही. त्याच्या लेखी डोंगर आणि कंटेनर सारखेच. म्हणूनच तेथे मोहून टिपलेले दृश्य घरी पाहताना फिके वाटते आणि कातरण्याचा विचार सुरू होतो.

प्रथम चित्र सरळ करावे. डोंगराळ मुलखात क्षितिजाची रेषा हाती लागत नाही; अशा वेळी विजेचा खांब किंवा भिंतीची उभी कड प्रमाण धरावी. चित्र फिरवले की कोपरे थोडे कापले जातातच. मग आकाश. ढगांना आकार असेल तर ते ठेवावे; नुसतीच पांढरी पोकळी असेल तर तिचा मोह धरू नये. कडेला अर्धवट आलेला ट्रक नजर ओढून नेतो. तो पूर्ण असावा किंवा मुळीच नसावा. शिखर मधोमध न ठेवता एका बाजूच्या तिसऱ्या हिश्शावर ठेवावे असे सांगतात. संकेत चांगला आहे, पण तो काही व्याजाचा दर नव्हे. भामचंद्रासारखा रुंद बैठकीचा डोंगर मध्यभागीही शोभतो.

खरा पेच याच्यापुढे आहे. निगडीत राहणाऱ्या एका व्यापारी कुटुंबाने दिवाळीच्या दिनदर्शिकेसाठी हेच दृश्य निवडले. नट-बोल्टचा व्यवसाय, गिऱ्हाईक चाकणचे कारखाने. पुतण्याने संगणकावर चित्र कातरून फक्त डोंगराची हिरवी पाठ शिल्लक ठेवली.

“काका, आता कसं प्रसन्न वाटतं! शेड दिसतच नाहीत.”

काकांनी चष्मा सावरला. “अरे, ज्या पत्र्याखाली आपला माल जातो, तोच कापलास? आणि दिनदर्शिका लागणार कुठे? त्याच शेडमध्ये ना!”

पुतण्याची बाजूही अगदीच लंगडी नव्हती. भिंतीवरचे चित्र म्हणजे काही जमिनीचा सात-बारा नव्हे; बारा तास यंत्रांजवळ काढणाऱ्याला घटकाभर हिरवे दिसावे, यात वावगे काय? जैन न्यायात यासाठी नेमका शब्द आहे. वस्तूचे अनंत धर्म असतात; त्यांतील एक धर्म मुख्य धरून पाहणे म्हणजे नय. तो नय इतर धर्मांचा निषेध करू लागला की दुर्नय होतो. कातरलेले प्रत्येक छायाचित्र हा एक नयच. ‘श्रावणातील भामचंद्र’ असे त्याखाली लिहिले, तर कोणाची फसवणूक होत नाही. ‘आमचा चाकण परिसर’ असे लिहून शेड मात्र गाळल्या, तर होते. एखाद्या जागेच्या जाहिरातीत शेजारचा कारखाना कापून केवळ टेकडी दाखवली, तर तिला सौंदर्यदृष्टी म्हणता येणार नाही.

जैन कुटुंबात जन्मलेले थोर छायाचित्रकार राजा दीनदयाळ (1844–1905) यांच्या काळी काचेची पट्टी कागदावर ठेवून छाप काढीत. पट्टी जेवढी तेवढेच चित्र. कडा थोड्याफार छाटता येत, पण चित्रातील लहानसा भाग मोठा करून घेणे सोपे नव्हते. कोठे उभे राहायचे हे आधीच ठरवावे लागे. पुढे फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी कातरण्याला ठाम विरोध केला. तरी पाण्याच्या डबक्यावरून उडी घेणाऱ्या माणसाचे त्यांचे 1932 मधील जगप्रसिद्ध चित्र कातरलेलेच आहे. तत्त्व आणि गरज यांची अशी तडजोड व्यापाऱ्यांना नवी नाही.

शेवटी पुतण्याला हिशेबाने अडवले. मूळ चित्र 4000 बाय 3000 बिंदूंचे होते. वरचे आकाश एक तृतीयांश कापले की 4000 बाय 2000 उरतात. इंचाला 300 बिंदू धरले, तर तेरा इंचांहून अधिक रुंद छपाई स्वच्छ निघते. केवळ डोंगर ठेवला तेव्हा 2000 बाय 1000 उरले, म्हणजे मुद्दलाचा सहावा हिस्सा. बारा इंच रुंदीला ताणल्यावर इंचामागे जेमतेम 167 बिंदू पडले आणि झाडी पुसट झाली. अखेर आकाश, मनोरा आणि कंटेनर गेले. निळ्या छपरांची एक ओळ तळाशी राहिली, आणि तिच्यामुळेच डोंगर किती उंच आहे ते कळू लागले.

मूळ चित्र मात्र वेगळे जपून ठेवावे, कातरकाम नेहमी प्रतीवर करावे. आणि छापून चौकटीत बसवायचे असेल, तर चारी बाजूंना थोडी जागा राखावी. चौकटीची खाच पाव इंच तरी खाते.