ओढ असूनही तग धरणारे अणू

पदार्थविज्ञानाशी माझा संबंध दहावीपुरता. तरी अतिथंड अणूंविषयी वाचायला बसलो, ते सत्येंद्रनाथ बोसांच्या कुतूहलापोटी. १९२४ मध्ये त्यांनी ढाक्याहून आइन्स्टाइनना एक निबंध पाठवला. त्यातल्या गणिताच्या आधारे आइन्स्टाइननी सांगितलं, की वायू पुरेसा थंड केला तर त्यातले असंख्य अणू सर्वांत कमी ऊर्जेच्या एकाच अवस्थेत जमा होतील. वाफेचं पाणी होतं ते कणांमधल्या ओढीमुळे. इथे मात्र ओढ अजिबात नसली तरी अवस्थांतर होतं! हे पचायला मला वेळ लागला.

१९९५ मध्ये अमेरिकेतल्या बोल्डरला कॉर्नेल आणि वीमन या शास्त्रज्ञांनी रुबिडियमवर ते घडवून दाखवलं. केवल शून्याच्या वर, एका अंशाचे कोटी भाग केले तर त्यातले जेमतेम दोन, एवढंच तापमान! ते अणू एकमेकांना किंचित दूर लोटतात. मग लगेच प्रश्न पडला: ओढणारे अणू घेतले तर? सगळे एकमेकांवर कोसळणार नाहीत?

ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात रँडी ह्यूलेट यांनी लिथियम-७ घेतलं, ते असंच ओढणारं. चुंबकीय सापळ्यात अणूंना जितक्या लहान जागेत कोंबावं तितकी त्यांची चळवळ वाढते, हा क्वांटमचा नियम. ही चळवळ ओढीला टक्कर देते. अणू थोडे असले तर तीच जिंकते. भर पडत गेली की ओढ वरचढ होते. ह्यूलेट यांच्या सापळ्यात ही मर्यादा हजार-बाराशे अणूंच्या आसपास निघाली. ओढ असूनही पदार्थ टिकतो, फक्त संख्या बेताची हवी.

२००१ मध्ये बोल्डरलाच रुबिडियम-८५ वर चुंबकीय क्षेत्र बदलून लोटणाऱ्या अणूंना अचानक ओढणारे केलं. पुंजका आक्रसला आणि फुटला. काही अणू बाहेर उडाले, बरेचसे कॅमेऱ्याला दिसेनासे झाले. या स्फोटाला ‘बोसनोव्हा’ म्हणतात. मागे उरलेले अणू मात्र मर्यादेपेक्षा जास्त भरत होते. इथे मी पुरता चक्रावलो.

उत्तर २००६ च्या प्रयोगात सापडलं. उरलेला पुंजका एकसंध नव्हताच. त्याचे अनेक छोटे गोळे झाले होते, सॉलिटॉन नावाचे, आणि प्रत्येक गोळा आपापल्या मर्यादेत होता. एकमेकांत न मिसळता ते सापळ्यात येरझारा घालत होते. नियम मोडलाच नव्हता. फक्त तो प्रत्येक गोळ्याला वेगवेगळा लावायचा होता.