मोटार किती तास चालली?

या अंकासाठी संपादकांनी विषय दिला तो असा : सार्वजनिक धोरणाच्या चर्चेत सामान्य नागरिक उतरत नाही, त्याला उतरवावं कसं? मी वीजग्राहकांच्या बाजूने काम करतो. नियामक आयोगापुढे दरवाढीच्या याचिका येतात, त्या वाचायच्या, त्यातले आकडे तपासायचे आणि लेखी हरकती दाखल करायच्या, हा माझा पेशा. त्या अनुभवावरून सुरुवातीलाच सांगतो की लोक येतच नाहीत, हे खरं नाही. दरवाढ मोठी असली की नागपूर, अमरावती, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, पुणे, नवी मुंबई, सुनावणी कुठेही असो, सभागृह भरतं. यंत्रमागवाले येतात, शीतगृहांचे मालक येतात, शेतकरी येतात, बिलांची पुडकी काखोटीला मारून निवृत्त शिक्षक येतात. तावातावाने बोलतात, टाळ्या घेतात आणि पुढच्या सुनावणीला त्यांतले बरेचसे दिसत नाहीत. या न परतणाऱ्या माणसांची मला काळजी वाटते. एकदा येऊन निराश झालेल्या माणसाला पुन्हा आणणं फार कठीण असतं.

निराशेचं एक कारण गैरसमजात आहे. वीजदराची सुनावणी म्हणजे तक्रार मांडायची जागा, असं बहुतेकांच्या मनात असतं. ट्रान्सफॉर्मर जळून पंधरा दिवस झाले, वायरमन फोन उचलत नाही, बिल अंदाजे आलं, असं सगळं तिथे सांगितलं जातं. या तक्रारी खऱ्या असतात. पण त्यासाठी ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे, त्याच्यावर विद्युत लोकपाल आहे. दरनिश्चितीच्या सुनावणीत प्रश्न वेगळा असतो. कंपनी म्हणते, येत्या काही वर्षांत वीज विकत घ्यायला, तारा आणि उपकेंद्रं सांभाळायला, पगाराला, व्याजाला आम्हाला इतका पैसा लागेल. याला वार्षिक महसुली गरज म्हणतात. त्यातला कुठला खर्च योग्य आणि कुठला ग्राहकाच्या माथी मारू नये, हे आयोग ठरवतो. मान्य झालेली रक्कम मग घरगुती, व्यापारी, औद्योगिक, कृषी अशा गटांवर वाटली जाते. म्हणजे आपल्या बिलावरचा दर हा या हिशेबाचा शेवटचा आकडा. भांडायचं ते आधीच्या आकड्यांशी.

हे भांडण आपल्याला कायद्याने दिलेलं आहे. वीज कायदा, २००३ च्या कलम ६४ प्रमाणे कंपनीने अर्जाचा गोषवारा प्रसिद्ध करायचा असतो आणि लोकांकडून आलेल्या सर्व सूचना व हरकती विचारात घेऊन आयोगाने १२० दिवसांत निर्णय द्यायचा असतो. कलम ८६ मध्ये आयोगाच्या कारभारात पारदर्शकता हवी असं स्पष्ट लिहिलं आहे. हे किती मोठं आहे ते कळायला थोडं मागे जावं लागेल. डिसेंबर १९९३ मध्ये राज्य वीज मंडळाने दाभोळ प्रकल्पाशी वीजखरेदीचा करार केला. स्पर्धात्मक निविदा नव्हती आणि ज्यांच्या बिलातून ते पैसे जायचे त्यांना विचारण्याची कुठलीही सोय नव्हती. तेव्हा दर ठरायचे ते मंडळ आणि मंत्रालय यांच्यात. १९९८ चा विद्युत नियामक आयोग कायदा आला, ऑगस्ट १९९९ मध्ये महाराष्ट्राचा आयोग स्थापन झाला आणि ५ मे २००० रोजी त्याचा पहिला वीजदर आदेश निघाला. त्या सुनावणीने काय केलं ते मी जरा विस्ताराने सांगणार आहे. वाचकाला ते तांत्रिक वाटेल, पण माझं म्हणणं त्यातच आहे.

महाराष्ट्रातल्या शेतीपंपांपैकी मोठ्या हिश्श्याला मीटर नव्हता. बिल अश्वशक्तीवर यायचं, मोटार तासभर चालो की दिवसभर. मग शेतीला एकूण वीज किती गेली हे कसं कळणार? अंदाजाने. समजा, मंडळाने जाळ्यात १०० युनिट सोडली. मीटर असलेल्या ग्राहकांकडे त्यातली ६० मोजली गेली. उरलेल्या ४० मध्ये दोन गोष्टी आहेत : विनामीटर पंपांनी वापरलेली वीज आणि गळती, म्हणजे तारांत वाया गेलेली अधिक चोरीला गेलेली. पंपांचा वापर २५ धरला तर गळती १५ दिसते. तोच वापर १० धरला तर गळती ३० होते. शेतकऱ्याच्या नावावर जितकी जास्त युनिटं लिहावीत तितकी मंडळाची कार्यक्षमता चांगली दिसते आणि चोरी झाकली जाते. वर शेतकरीच फुकट वीज खातो म्हणून बदनाम होतो.

पुण्याच्या ‘प्रयास’ संस्थेच्या ऊर्जा गटाने, गिरीश संत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, आणि मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या ग्राहक संघटनांनी या सुनावण्यांत आकड्यांवर बोट ठेवण्याची शिस्त आणली. वर्षानुवर्षं १८ टक्क्यांच्या आसपास सांगितली जाणारी गळती त्या पहिल्या दरनिश्चितीच्या प्रक्रियेत ३० टक्क्यांच्या वर असल्याचं निष्पन्न झालं. विधानसभा होती, लेखापरीक्षक होते, मंडळावर नामवंत अभियंते होते. तरीही हा आकडा बाहेर आला तो लोकांना कागद बघायला मिळाले आणि मंडळाला त्यांच्या प्रश्नांची लेखी उत्तरं देणं भाग पडलं तेव्हा. संत २०१२ मध्ये अकाली गेले. त्यांनी पाडलेल्या वाटेवर आम्ही चालतो, याचा मला अभिमान आहे.

आता मोटारीचे तास. विनामीटर पंपाचा वापर काढायचा तर पंपांची संख्या, अश्वशक्ती आणि वर्षातले तास यांचा गुणाकार करतात. ५ अश्वशक्तीची मोटार तासाला सुमारे पावणेचार युनिट घेते. ती वर्षाला १३०० तास चालली असं धरलं तर ४,८५० युनिट होतात. २००० तास धरले तर साडेसात हजारांच्या जवळ जातात. फरक एका पंपामागे अडीच हजारांहून अधिक युनिटांचा. असे दहा लाख पंप घ्या, म्हणजे २६० कोटी युनिट नुसत्या गृहीतकावर इकडची तिकडे होतात. कंपनीचे अभियंते यावर म्हणतात की शेतकरी मंजूर भारापेक्षा मोठी मोटार बसवतो, रिवाइंड केलेली मोटार जास्त वीज ओढते. यात तथ्य आहे आणि मी ते कधी नाकारत नाही. पण त्यावर उपाय मोजणं हाच आहे. २००३ च्या वीज कायद्याच्याच कलम ५५ ने दोन वर्षांच्या आत प्रत्येक जोडणीला मीटर बसवायला सांगितलं होतं. कायदा १० जून २००३ ला लागू झाला. राज्यात आजही लाखो पंप विनामीटर आहेत, आणि जिथे मीटर आहेत तिथेही कित्येक बंद पडलेले असतात.

विदर्भातल्या एका सुनावणीत मी या तासांवर माझी कोष्टकं मांडून बसलो होतो. माझ्यानंतर एक शेतकरी बाई उभ्या राहिल्या. त्यांच्या भागातल्या पंपांना किती तास धरलेत एवढंच त्यांनी विचारलं. अधिकाऱ्याने आकडा सांगितला. त्या म्हणाल्या, “साहेब, लाइन आठ तास असते. माह्या विहिरीले फेब्रुवारीपासून दोन तासाच्या वर पानी राहत नाही. मंग बाकीचे सहा तास मोटार कायच्यावर चालवू?” सभागृह शांत झालं. रोज आठ तास धरले तर २००० तासांना अडीचशे दिवस लागतात, आणि त्यात पावसाळा आला, कोरडी विहीर आली, जळालेला ट्रान्सफॉर्मर आला. आयोगाने तिथल्या तिथे फीडरनिहाय, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या एकेका वाहिनीचा, हिशेब लेखी मागवला. माझ्या कोष्टकांना जे साधत नव्हतं ते त्यांच्या एका प्रश्नाने साधलं, कारण विहिरीत पाणी किती असतं हे त्यांना ठाऊक होतं आणि त्या खोलीत दुसऱ्या कुणालाही ते ठाऊक नव्हतं.

म्हणून ‘आम्हाला त्यातलं काय कळतं?’ हे वाक्य ऐकलं की मला राग येतो. धोरण बनवणाऱ्याकडे सरासरी असते, नागरिकाकडे जागा असते. मुंबईच्या विकास आराखड्याचं पाहा. २०१५ च्या फेब्रुवारीत महापालिकेने २०३४ पर्यंतचा प्रारूप आराखडा प्रसिद्ध केला. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाप्रमाणे हरकती मागवल्या गेल्या आणि सुमारे ६५ हजार हरकती-सूचना आल्या. एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो आराखडा नव्याने करायला सांगितला. लोकांना त्यातला मोठा आकडा लक्षात राहतो. मला लक्षात राहतं ते हे की लोकांनी नकाशे काढून आपापली गल्ली शोधली. उभ्या इमारतींवरून रस्ते आखले होते, असलेल्या वास्तू चुकीच्या दाखवल्या होत्या, आणि ते दाखवून देणारे रहिवासी होते. सुधारित आराखडा २०१६ मध्ये आला, त्यावरही ऐंशी हजारांहून अधिक हरकती-सूचना आल्या, आणि २०१८ मध्ये त्याला मंजुरी मिळाली. एकच मजकूर हजार जणांनी पाठवला तर तो मोजला जातो. घर क्रमांक आणि सर्व्हे क्रमांक लिहून पाठवलेली हरकत मात्र तपासावी लागते.

आता दुसऱ्या बाजूबद्दल बोलतो, कारण सगळा दोष नागरिकाचा नाही. वीजदराची याचिका शेकडो पानांची असते आणि मूळ दस्तऐवज इंग्रजीत. मराठीत मिळतो तो सारांश. हरकतींसाठी मुदत साधारण तीन आठवड्यांची. पोटापाण्याचा उद्योग सांभाळून तेवढ्या दिवसांत कोण वाचणार? २०२० मध्ये केंद्राने पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या अधिसूचनेचा मसुदा काढला, तेव्हा टाळेबंदी चालू होती आणि मसुदा होता इंग्रजी-हिंदीत. दिल्ली उच्च न्यायालयाने जून अखेरीस मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवली आणि आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांत भाषांतर करायला सांगितलं. ज्यांच्या गावात खाण येणार त्यांना त्यांच्या भाषेत मसुदा मिळावा, एवढ्या गोष्टीसाठी न्यायालयात जावं लागलं. केंद्राचंच २०१४ चं धोरण सांगतं की कायद्याचा मसुदा किमान ३० दिवस लोकांपुढे ठेवावा आणि आलेल्या मतांचा गोषवारा प्रसिद्ध करावा. पण ते धोरण आहे, कायदा नाही. मंत्रालयाने ते पाळलं नाही तर विधेयक अडत नाही.

आणि उत्तर. माझ्या मते सगळं इथे येऊन ठरतं. आयोगाच्या चांगल्या आदेशात हरकत, त्यावर कंपनीचं उत्तर आणि आयोगाचं मत असं ओळीने येतं. ज्याची हरकत फेटाळली गेली तोही ते वाचून पुन्हा येतो. त्याला कारण मिळालेलं असतं. जिथे शंभर जणांच्या म्हणण्याचा ‘आयोगाने नोंद घेतली आहे’ एवढ्यावर निकाल लागतो तिथून माणसं कायमची उठून जातात. सरकारी खाती लोकसहभागासाठी फलक लावतात, पथनाट्यं करतात, शपथा घेतात. तो पैसा आलेल्या प्रत्येक हरकतीला कारणासह उत्तर लिहिणाऱ्या दोन माणसांवर खर्च करा, सभागृहं आपोआप भरतील.

एक शंका मात्र माझ्या मनातून जात नाही. एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना राज्य सरकारने मोफत वीज दिली. ४४ लाखांहून अधिक शेतकऱ्यांसाठी ही योजना आहे. बिल सरकार भरतं, ते पंपांच्या नावावर लिहिलेल्या वापराच्या हिशेबाने. मग आपल्या मोटारीच्या नावावर किती तास लिहिले हे शेतकरी का विचारेल? त्याच्या खिशाला तोशीस नाही. विहिरीची साक्ष देणारा तोच होता. तो गप्प झाला तर अनुदानाचा आकडा आणि गळतीचा आकडा दोन्ही पुन्हा अंदाजावर जातील, आणि त्याची भरपाई कर भरणारे आणि क्रॉस सबसिडीचा, म्हणजे इतरांच्या स्वस्त विजेचा, बोजा उचलणारे उद्योग करतील, म्हणजे त्याच शेतकऱ्याचा कारखान्यात लागलेला मुलगाही. कृषी फीडर वेगळे झाले आहेत, सौर फीडर येत आहेत, फीडरवरचा मीटर खोटं बोलत नाही. यातून काही मार्ग निघेल असं मी धरून आहे. खात्री देत नाही.

आता वाचकांना विनंती. कधीतरी वर्तमानपत्रात बारीक अक्षरांत वीज कंपनीची जाहीर सूचना येईल, ‘सूचना व हरकती मागवण्यात येत आहेत’ अशी. ती कापून ठेवा. मराठी सारांश मिळवा. सगळा वाचायचा हट्ट धरू नका. तुमच्या कामाशी, गावाशी, इमारतीशी जुळणारं एक कोष्टक निवडा आणि त्यातल्या एका आकड्यावर एकच प्रश्न लिहा : हा कशावरून धरला? खाली नाव, पत्ता द्या, ग्राहक क्रमांक घाला, ‘मला प्रत्यक्ष म्हणणं मांडायचं आहे’ असं लिहा आणि प्रत कंपनीलाही पाठवा. आदेश निघाला की त्यात आपला मुद्दा शोधा. उत्तर नसेल तर पुढच्या वेळी ‘मागच्या आदेशात याचं उत्तर मिळालं नाही’ या वाक्याने सुरुवात करा. हरकत मराठीत चालते, वकील लागत नाही आणि शुल्क काही नाही.