आवाज कुठे हरवतो?

वऱ्हाडचा उन्हाळा ज्यांनी अनुभवला आहे त्यांना कूलरची घरघर वेगळी सांगावयास नको. अकोल्याचा पारा ४५ अंशांकडे झुकू लागला म्हणजे खिडकीत बसविलेला तो पत्र्याचा पेटारा दिवसरात्र धडधडत राहतो, आणि त्याच्या साथीने बोलण्याची घरातील माणसांना इतकी सवय होते की आपण ओरडून बोलत आहोत हेही त्यांच्या ध्यानात येत नाही. माणूस आवाज चढवितो. लॅपटॉपला मात्र एका मर्यादेपलीकडे तो चढविता येत नाही. त्याचे ध्वनिक्षेपक नाण्याएवढे, शक्ती एखाद-दोन वॉटची. खर्जातील आवाजासाठी पुष्कळ हवा हलवावी लागते, ती एवढ्याशा पडद्याला हलविता येत नाही. म्हणून लॅपटॉपचा आवाज नेहमीच थोडा पातळ आणि किनरा वाटतो.

२०२० च्या टाळेबंदीत हे यंत्र आपल्या अनेक घरांत आले. अमरावती जिल्ह्यात तर फेब्रुवारी २०२१ मध्ये पुन्हा टाळेबंदी लागली, आणि मुलांचे वर्ग, उपासना, नातलगांच्या भेटी हे सारे त्या लहानशा पडद्यातून चालू राहिले. पुढे मुले शाळेत परतली. लॅपटॉप मागे राहिला आणि घरातील वडीलधाऱ्यांच्या वाट्याला आला.

अकोल्यातील अशाच एका घरी मी गेलो होतो. आजींचे वय शहात्तर. मुलगी कुवेतला परिचारिका आहे आणि आठवड्यातून दोनदा तिची हाक येते. पूर्वी आजी तासभर बोलत असत. अलीकडे मात्र दोन मिनिटांतच सुनेला पुढे करून त्या स्वयंपाकघरात निघून जात. सून म्हणाली, "आईंना आता कोणाशी बोलावंसं वाटत नाही." आजींना विचारले तेव्हा त्यांनी पदराने डोळे टिपले. "फादर, माहे कान गेले जी. ते काही सांगते अन् मी उगाच हो-हो म्हनते. मंग तिले वाईट वाटते."

शेजारच्या एका दुरुस्तीवाल्याने लॅपटॉपचे दोन्ही ध्वनिक्षेपक बदलावे लागतील असे सांगितले होते. घरच्यांच्या मते दोष यंत्राचा, आजींच्या मते कानांचा. अमरावतीला आमच्या परिचयाचा एक तरुण आहे. संगणकाची दुरुस्ती हाच त्याचा व्यवसाय. त्याने फोनवरच एक साधी कसोटी सांगितली : आधी हेडफोन लावून पाहा. हेडफोनमध्ये आवाज मोठा आला तर खोट ध्वनिक्षेपकात. तिथेही लहानच आला तर खोट आतल्या मांडणीत. आम्ही लावून पाहिला. तिथेही आवाज लहानच होता, म्हणजे ध्वनिक्षेपक बदलण्याचा खर्च वाचला.

आवाज कुठे एका ठिकाणी हरवत नाही, थोडा थोडा वाटेत सांडत जातो. विंडोजमध्ये संपूर्ण यंत्राच्या आवाजाची एक पट्टी असते. व्हॉल्यूम मिक्सर उघडला की प्रत्येक कार्यक्रमाची स्वतंत्र पट्टी दिसते. ज्या पानावर चित्रफीत चालते त्याची आणखी वेगळी. या पट्ट्यांची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. ढोबळ हिशेबाने तीन ठिकाणी निम्मे केले तर हाती आठवा हिस्सा उरतो. या घरात मुलाने कधीतरी वर्गाच्या वेळी एक पट्टी खाली ओढली होती आणि ती तशीच राहिली होती. याशिवाय कंट्रोल पॅनेलमध्ये साउंड या भागात कम्युनिकेशन्स नावाचे एक पान असते. कोणाशी संभाषण सुरू झाले की इतर सर्व आवाज ८० टक्क्यांनी कमी करावेत, अशी सूचना तिथे मुळातच दिलेली असते. मुलगी बोलता बोलता नातवाच्या गाण्याची चित्रफीत पाठवी, आणि ती लावली की काहीच ऐकू येत नसे, त्याचे कारण हे. "काहीही करू नये" या पर्यायावर खूण केली आणि तो अडसर दूर झाला. ध्वनिक्षेपकाच्या गुणधर्मांत काही यंत्रांवर लाउडनेस इक्वलायझेशन नावाची सोय असते. ती हळू शब्द वर उचलते आणि मोठे शब्द आवरते. बोलणे ऐकण्यासाठी ती फार उपयोगी आहे, संगीताला मात्र नको. व्हीएलसीसारखा कार्यक्रम शंभर टक्क्यांच्याही पुढे नेतो. पण फार ताणले तर ध्वनिलहरींचे माथे कापले जातात आणि आवाज फाटतो.

एवढे झाल्यावर यंत्र उलटे केले. बहुतेक लॅपटॉपचे ध्वनिक्षेपक खालच्या अंगाला असतात. आजी तो गादीवर ठेवून बोलत, म्हणजे तोंडावर उशी ठेवूनच तो बोलत होता म्हणा ना! जाळीत काळ्या मातीची धूळ आणि कापसाची रुई भरलेली होती. या कपाशीच्या मुलखात ती कुठे शिरत नाही? यंत्र बंद करून कोरड्या, मऊ कुंचल्याने ती झाडली. टाचणी खुपसू नये आणि तोंडाने फुंकरही मारू नये. फुंकरीबरोबर ओल आत जाते. मग लॅपटॉप लाकडी टेबलावर ठेवला. टणक पृष्ठभागावरून आवाज परततो आणि भरदार लागतो. शेवटी कूलर बंद केला.

खोली एकदम शांत झाली. गाणे लावले तर ते शेजारच्या अंगणापर्यंत गेले. सून हसली, आजीही हसल्या. मात्र संध्याकाळी मुलीची हाक आली तेव्हा आजी म्हणाल्या, "आवाज येते जी, पन शब्द नाई समजत."

वाचकहो, या वाक्यापाशी मला थांबावेसे वाटते, कारण बहुतेक घरांत ते नीट ऐकलेच जात नाही. वय वाढते तसे प्रथम वरच्या पट्टीतील ध्वनी ऐकू येईनासे होतात. स्वर ऐकू येतात. स, श, त, थ, फ अशी व्यंजने निसटतात. "सात" की "हात", "ताप" की "साप" हे कळत नाही. आवाज दुप्पट केला तरी निसटलेले व्यंजन परत येईलच असे नाही, आणि आपण ओरडू लागलो की म्हाताऱ्या माणसाला शब्द कळत नाही, पण आपला चढलेला चेहरा कळतो. आवाजाच्या मापाला डेसिबल हे नाव ज्यांच्यावरून मिळाले त्या अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांच्या मातोश्रींना फारच कमी ऐकू येत असे. बेल त्यांच्याशी ओरडून बोलत नसत. त्यांच्या कपाळाजवळ तोंड नेऊन खालच्या, स्पष्ट स्वरात बोलत. पुढे टेलिफोन ज्याच्या हातून घडला त्याने ही रीत आपल्याच घरात, आईपाशी शोधली होती.

आजींची कानांची तपासणी झाली. वरच्या पट्टीत ऱ्हास बराच निघाला. श्रवणयंत्राची किंमत ऐकून मुलगा गप्प झाला; परंतु अल्प उत्पन्नाच्या ज्येष्ठांना अशी साधने देणारी केंद्र सरकारची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ पासून आहे, हे पुष्कळांना ठाऊकच नसते. त्यांनी अर्ज केला आहे. तोवर कुवेतच्या मुलीला निरोप दिला की तिने तोंड मायक्रोफोनजवळ धरून, एकेक वाक्य संपवून, सावकाश बोलावे, आणि घरातील सगळ्यांनी एकदम बोलू नये. तिने विचारले, "इतके दिवस आई सांगत का नव्हती?" त्यावर कोणी काही बोलले नाही.

आता हाक येण्याची वेळ झाली की आजी स्वतः उठतात, कूलर बंद करतात आणि टेबलापाशी खुर्ची ओढून बसतात. घामाच्या धारा लागतात. सून पंखा घेऊन वारा घालते. मागच्या खेपेस कुवेतची गोष्ट चाळीस मिनिटे चालली. त्यातली पंधरा मिनिटे तिथे मिळणाऱ्या वांग्यांना चवच कशी नाही, यावर गेली.