अब्बांची बुलेट आणि मागची सीट

जुनी मोटारसायकल पूर्ण खोलायची आणि आपल्या मनाजोगती करून पुन्हा रस्त्यावर आणायची, हे वेड आता आपल्या मोहल्ल्यांतल्या मुलांनाही लागलं आहे. त्यात नवल नाही. गॅरेजवाले, टर्नर, वेल्डर, पेंटर आपल्या लोकांत भरपूर आहेत. हात घरचे, हत्यारं घरची. नमुन्यासाठी मोबाईलवर हवे तेवढे फोटो मिळतात. त्या फोटोंत टाकी लांबट असते, हँडल खाली असतं, सगळी गाडी पुढं झेपावल्यासारखी दिसते. फक्त मागची सीट बहुतेकांना नसते.

याला कारण आहे. १९५० आणि ६० च्या दशकांत लंडनमधले तरुण आपल्या साध्या गाड्या हलक्या करून रस्त्यावर शर्यती लावायचे. एस कॅफेसारख्या चहाच्या ठिकाणी जमायचे, म्हणून त्या गाड्यांना ‘कॅफे रेसर’ नाव पडलं. वेग हवा तर वजन नको, म्हणून मडगार्ड कापायचे आणि सीट एकाची करायची. त्यांच्या कामाला ते बरोबरच होतं. आपल्याकडे मात्र मोटारसायकल म्हणजे घरचं वाहन. दवाखाना, शाळा, लग्न, मय्यत, सगळं तिच्यावरच. मागं कोणीतरी बसणारच.

आमच्या घरी हा प्रश्न आला तो अब्बांच्या बुलेटमुळे. आम्ही मिरजेचे. अब्बा चादरी आणि टॉवेलचे गठ्ठे घेऊन कवठेमहांकाळ, जत, शिरोळ असे आठवडे बाजार करायचे. गाडी १९९१ ची, ३५० सीसीची. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. मागं दोन्ही बाजूंना गठ्ठे ठेवायला सळईचा कॅरिअर त्यांनी करून घेतला होता. २०२२ मध्ये अब्बा अल्लाहला प्यारे झाले आणि गाडी जिन्याखाली ताडपत्रीत गेली. माझा धाकटा भाऊ कुपवाड एमआयडीसीत लेथवर कामाला आहे. दोन वर्षांनी त्यानं ताडपत्री काढली आणि वहीच्या पानावर एक चित्र काढून अम्मीला दाखवलं. चित्र सुंदर होतं. अम्मीनं ते नीट पाहिलं आणि विचारलं, “आणि मी कुठं बसू?”

या प्रश्नाकडे मी पुन्हा येते. त्याआधी आणखी एक प्रश्न होता आणि तो भावानंच काढला. गाडी कुणाची?

आपल्याकडे बाप गेला की त्याची गाडी, घड्याळ, हत्यारं मुलाकडे आपोआप जातात. कुणी विचारत नाही. पण कफन-दफनाचा खर्च आणि कर्ज फेडून, वसीयत असेल तर तिच्या हद्दीत ती पुरी करून जे उरतं, तो सगळा तरका आणि त्यात प्रत्येक वारसाचा हिस्सा ठरलेला आहे. सूरह निसामध्ये ते हिस्से आले आहेत आणि मोटारसायकल त्यातून सुटत नाही. भावानं दोन गॅरेजवाल्यांना बोलावून आहे त्या स्थितीत गाडीची किंमत काढली. ४८,००० रुपये. दादा-दादी आधीच वारले होते. वारस म्हणजे अम्मी, भाऊ आणि आम्ही दोघी बहिणी. अम्मीचा आठवा हिस्सा, म्हणजे ६,००० रुपये. उरलेल्या ४२,००० मध्ये मुलाचे दोन आणि मुलींचा एकेक भाग. भावाचे २१,००० आणि आम्हा दोघींचे साडेदहा-साडेदहा हजार.

भाऊ इचलकरंजीला माझ्या घरी पाकीट घेऊन आला. म्हणाला, “आपा, हे घेतल्याशिवाय मी पान्याला हात लावणार नाही.”

मी पाकीट घेतलं. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण अशा वेळी ‘नको रे, तुलाच असू दे’ म्हणायची सवय आपल्या बहिणींना लहानपणापासून लावलेली असते. मनापासून दिलं तर तो हदिया आहे. पण लोक काय म्हणतील, माहेर तुटेल, या धाकानं सोडलेला हक्क राजीखुशीचा कसा म्हणायचा? आधी हक्क हातात यावा. मग तो ठेवायचा की द्यायचा, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

त्यानंतर कागद. मालक वारला की ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर गाडी करून घ्यायची, असा नियम आहे. आमच्याकडे कळवून झालं होतं, पुढचं राहिलं होतं. उशिराचा दंड भरला, अम्मीनं आणि आम्ही दोघींनी ना हरकत प्रतिज्ञापत्रं दिली आणि गाडी भावाच्या नावावर झाली. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते आणि पुढं दर पाच वर्षांनी नवी करून घ्यावी लागते. अब्बांनी ती २०२१ मध्येच करून ठेवली होती.

मग गाडी खोलली. भावाच्या मदतीला आमच्या गल्लीतले एक म्हातारे मिस्त्री होते, सगळे त्यांना चाचा म्हणतात. बुलेट १९५५ पासून मद्रासला तयार होऊ लागली आणि पुढं कित्येक दशकं तिची मूळ रचना फारशी बदलली नाही. त्यामुळे तिच्या कितीतरी नटबोल्टांचं माप इंची आहे. मिलिमीटरचा पाना जोर करून बसवला की नटाचे कोपरे जातात. चाचांनी पहिल्या दिवशी आपले जुने इंची पाने भावासमोर ठेवले आणि सांगितलं, “हिला काय करायचं ते मागून ठरव. आधी ही कशी आहे ते बघ.”

बोअरला ओरखडे पडले होते. या इंजिनाचा बोअर ७० मिलिमीटर आणि स्ट्रोक ९० मिलिमीटर. स्ट्रोक लांब, म्हणून कमी फेऱ्यांतही ते ओझं ओढतं. अब्बांचे गठ्ठे त्याच जोरावर जायचे. ब्लॉक कोल्हापूरच्या उद्यमनगरात बोअरिंगला दिला आणि अर्धा मिलिमीटर मोठा पिस्टन बसवला. व्हॉल्व्ह घासून बसवले, क्लचप्लेट आणि ब्रेकशू नवे घातले. वायरिंग जागोजागी टेप लावून जोडलेलं होतं, ते सगळं काढून नवं केलं. फूटरेस्टच्या पिना आणि बुशिंग भावानं कारखान्यात मालकाला विचारून, सुट्टीनंतर थांबून स्वतः लेथवर काढले. हे सगळं झाल्यावर गाडी बाहेरून होती तशीच दिसत होती. पण निम्म्याहून जास्त काम आणि पैसा यातच गेला. फोटोत हे काही दिसत नाही.

आता चित्राची वेळ आली. चित्राप्रमाणे चेसिसचा मागचा भाग कापायचा होता. चाचांनी सीट काढून त्याला दाखवलं की शॉकअपची वरची टोकं कुठं धरलेली आहेत आणि मागं बसणाऱ्याचं वजन कोणत्या नळीतून खाली उतरतं. एकदा कापलेली नळी पुन्हा जोडली तरी ती पहिल्यासारखी नसते. शिवाय कायदाही आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेच्या विरुद्ध जाईल असा बदल करता येत नाही. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानंही तेच सांगितलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आली. रंग बदलला तरी तो आरसी बुकात नोंदवावा लागतो. भावानं काळा रंग काळाच ठेवला. टाकीवरच्या सोनेरी रेषा एका पेंटरनं हातानं ओढल्या.

आणि अम्मीचा प्रश्न. अम्मी बुरखा घालते आणि एका बाजूला पाय सोडून बसते. बुलेटची चेन डाव्या बाजूला असते आणि तसं बसलं की बाईचे पायही डावीकडेच येतात. ओढणी, बुरख्याचा घेर किंवा साडीचा पदर चाकात अडकला की काय होतं, हे आपल्यापैकी कितीतरी घरांनी पाहिलं आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत नियम १२३ आहे. मागं बसणाऱ्यासाठी पकडायला हँडल हवं, पाय ठेवायला फूटरेस्ट हवा आणि कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून मागचं निम्मं चाक तरी झाकणारं संरक्षण हवं. आपण त्याला साडी गार्ड म्हणतो. गाडी ‘स्टायलिश’ करताना पोरं सगळ्यात आधी तेच काढून टाकतात.

भावाच्या चित्रात ते नव्हतंच. चित्र काढताना त्याच्या डोळ्यांसमोर एकच माणूस होता, विशीबाविशीतल्या मुलाच्या डोळ्यांसमोर असतो तसा. त्यानं वहीचं नवं पान घेतलं. सीट दोघांची, पण मागचा भाग पूर्वीपेक्षा रुंद आणि सपाट. हँडल थोडं खाली घेतलं, पाठ वाकणार नाही इतपतच. अब्बांचा कॅरिअर तोडून त्याच्याच सळयांचं साडी गार्ड आणि मागं धरायचं हँडल केलं. अम्मीचा गुडघा जेवढा वाकतो, त्या उंचीवर डाव्या बाजूला रुंद पायरी दिली. चेसिसवर करवत चालवली नाही. जे बसवलं ते बोल्टनं बसवलं. उद्या काढायचं म्हटलं तर निघेल.

या सीटचे आणि गार्डचे पैसे मी दिले. माझे साडेदहा हजार माझ्याकडे आले होते, म्हणूनच मला ते देता आले. धाकट्या बहिणीनं तिच्या हिश्शातून शिलाई मशिनला मोटर बसवली. दोन्ही बरोबरच झालं.

सायलेन्सरवरून मात्र मित्रांनी भावाला बरंच छेडलं. आतली जाळी काढ, आवाज घुमेल, बुलेट वाटेल. आमची गल्ली सहा-सात फुटांची. समोर एक आजी दम्यानं रात्रभर बसून असते, शेजारी चार महिन्यांचं बाळ आहे. फजरला जाताना आपण चपलांचाही आवाज होऊ नये म्हणून जपतो आणि तिथंच सायलेन्सर फोडून गाडी काढायची? शेजाऱ्याचा हक्क आपल्या दीनमध्ये किती मोठा आहे, ते सांगायला नको. भावानं जाळी तशीच ठेवली.

खर्च ३६,००० रुपये झाला. इंजिन १४,०००, वायरिंग ३,५००, टायर-ट्यूब ६,२००, रंग ५,०००, सीट आणि गार्ड २,८००, बाकी किरकोळ ४,५००. वेळ चौदा महिने लागला, कारण काम सुट्टीच्या दिवशीच आणि पगारातून उरेल तेवढ्यातच, कर्ज न काढता.

आमच्या मिरजेत सतार आणि तंबोरे करणारी घराणी आहेत. त्यांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे तलवारींना धार लावणारे. तलवारीचं काम गेलं तेव्हा तेच हात भोपळ्याकडे आणि तारेकडे वळले. हुनर असलेला माणूस जुन्यातून नवं काढतोच, आणि ते आपल्या रक्तात आहे. म्हणून पोरांच्या या वेडाला नुसतं ‘फालतू शौक’ म्हणून दटावू नये. त्यातून पोरगा माप घ्यायला शिकतो, धीर धरायला शिकतो, उद्या त्यावर हलाल रोजीही मिळवेल. फक्त करवत हातात घेण्यापूर्वी घरच्यांनी त्याच्याजवळ बसावं. ही गाडी कुणाकुणाची आहे आणि हिच्यावर कोण कोण बसणार आहे, हे त्याला विचारावं.

भाऊ आता अम्मीला घेऊन जुम्मेरातीला सांगलीला दवाखान्यात जातो. पुढं कधीतरी हीच गाडी त्याच्या मुलाबाळांचा तरका होईल. तेव्हा तिची किंमत आजच्यापेक्षा जास्त भरेल की कमी, अल्लाह जाणे. पण त्या दिवशी बहिणीचं पाकीट आधी निघावं, एवढी वहिवाट तरी आमच्या घरात पडली आहे.