शेजारच्या सीटवरून

गिअरच्या गाडीत डावा पाय एकट्या क्लचसाठी राखलेला असतो. उजवा पाय ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्ही सांभाळतो. नवरा बायकोला शिकवो की बायको नवऱ्याला, शिकवणी सुरू होते ती या डाव्या पायापासून.

क्लच दाबला की क्लच प्लेट फिरत्या फ्लायव्हीलपासून सुटते आणि इंजिनाचा चाकांशी संबंध तुटतो. पेडल सोडत आणले की प्लेट पुन्हा टेकते, घसरत घसरत इंजिनाची गती घेते आणि गाडी हलते. या जागेला सगळे हाफ क्लच म्हणतात. ती प्रत्येक गाडीत थोडी वेगळी असते आणि प्लेट झिजेल तशी सरकतेही. ती तोंडाने सांगून कळत नाही, पायालाच सापडावी लागते.

म्हणून पहिला धडा सपाट, मोकळ्या मैदानावर घ्यावा. पहिला गिअर टाकून, ॲक्सिलरेटरला न शिवता क्लच अगदी सावकाश सोडायचा. एका क्षणी इंजिनाचा आवाज जरासा दबतो, स्टिअरिंगवर बारीक थरथर येते. पाय तिथेच रोखला की गाडी आपसूक पुढे सरकते. हा क्षण ज्याला एकदा सापडला, त्याची निम्मी भीती गेली.

पाय एकदम सुटला तर गाडी आचका देऊन बंद पडते, कारण संथ चालणाऱ्या इंजिनाला थांबलेल्या गाडीचा भार एकाएकी ओढवत नाही. क्लच आणि ब्रेक दाबावे, न्यूट्रल करावे, पुन्हा स्टार्टर मारावा. गाडीचे काही बिघडत नाही. बिघडते ते शेजारून आलेल्या उसाशाने.

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिक्षकाच्या पायाशीही ब्रेक असतो. घरच्या गाडीत शिकवणाऱ्याजवळ हँडब्रेक आणि शब्द एवढेच असतात. "अगं, ब्रेक!" असे ओरडले की पाय आधी दचकतो, मग चुकतो. "पुढे वळण आहे, दुसरा टाक," हे वेळेवर आणि शांतपणे सांगितले तर पायाला अवधी मिळतो. ज्यांनी एकमेकांचा सूर वर्षानुवर्षे ऐकला आहे, त्यांना शब्दाआधी त्यातला राग ऐकू येतो. तेव्हा घरातली उणीदुणी घरीच ठेवावीत.

मग चढ. हँडब्रेक ओढून गाडी उभी करायची, हाफ क्लचवर थोडे ॲक्सिलरेटर द्यायचे आणि गाडी ओढू लागली की हँडब्रेक सोडायचा. हे जमल्यावरच ताम्हिणी किंवा वरंधा घाटाचा विचार करावा. तिथे चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, आणि उतरताना न्यूट्रल न करता खालच्या गिअरवर यायचे.

रस्त्यावर येण्याआधी शिकाऊ परवाना हवा. त्याची मुदत 6 महिने असते, आणि 30 दिवसांनंतर पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. तोवर पुढे-मागे लाल 'एल'ची पाटी आणि शेजारी परवानाधारक माणूस हवाच.

पक्का परवाना हाती आला की शिकवणाऱ्याचे एकच काम उरते: सोबत न जाणे. अनेक घरांत परवाना कपाटात पडून राहतो, कारण गाडीची किल्ली एकाच्याच खिशात असते. ती दोघांच्या हाताला लागेल अशा जागी टांगावी.