वैमानिक नणंदेचा डबा

फिरतीची नोकरी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे एस.टी.चे कंडक्टर, रेल्वेतली माणसं किंवा औषध कंपन्यांचे प्रतिनिधी येतात. माझ्या धाकट्या नणंदेची फिरती मात्र जमिनीपासून पस्तीस हजार फुटांवर चालते. ती वैमानिक आहे. बायकांनी विमान चालवण्याचं आता नवल उरलेलं नाही. कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी सगळ्या बायकांचाच चमू घेऊन कलकत्त्याहून सिलचरला विमान नेलं ते १९८५ साली! तरी शेजारणी मला अजून एकच प्रश्न विचारतात, "अहो, ही पोरगी जेवते कधी आणि काय?" दिवाळीच्या सुट्टीत तिच्याच विमानाचं तिकीट काढून मी दोन दिवस सिंगापूरला जाऊन आले. तेव्हा या प्रश्नाचं उत्तर जवळून पाहायला मिळालं.

खाण्याचं एवढं कौतुक कशाला, असं तुम्ही म्हणाल. पण वैमानिकाची नोकरी नुसत्या परवान्यावर चालत नाही. ठरावीक मुदतीने डॉक्टरी तपासणी होते आणि तीत उतरलं तरच आकाश मोकळं. मागच्या वर्षी नणंदेचं हिमोग्लोबिन दहाच्या खाली गेलेलं निघालं आणि ती 'तात्पुरती अपात्र' ठरली. उड्डाण बंद, भत्ता बंद, प्रशिक्षणाच्या कर्जाचे हप्ते मात्र चालूच. त्या दिवसांत घरात फोन वाजला तरी सासूबाई दचकत. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि खाण्याची चौकशी केली. रात्री चहा-बिस्किटं, सकाळी झोप, दुपारी हॉटेलातलं मिळेल ते, असा सगळा हिशेब होता. "औषध मी देतो, पण ताट तुम्हाला सुधारायला हवं," असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

सासूबाईंनी लगेच लोहासवाची बाटली काढली. नणंद म्हणाली, "आई, हे मला चालायचं नाही." आसवं आणि अरिष्टं आंबवून करतात, त्यामुळे त्यांत थोडं मद्यार्क आपोआप तयार होतं. आणि आपल्याकडे उड्डाणापूर्वी वैमानिकांच्या श्वासाची तपासणी असते! खोकल्याचं औषधसुद्धा कंपनीच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेत नाही. मग उरला एकच मार्ग, स्वयंपाकघराचा.

आता विमानातली एक गंमत सांगते. विमान कितीही उंच गेलं तरी आतली हवा साधारण सहा ते आठ हजार फुटांवरच्या हवेइतकी विरळ ठेवलेली असते. आपलं कळसूबाईचं शिखर सुमारे ५,४०० फूट. म्हणजे आपण कळसूबाईच्याही वर बसून जेवत असतो म्हणा ना! तिथे हवेचा दाब कमी, म्हणून वेफर्सची पिशवी टम्म फुगते आणि पोटातला वायूसुद्धा तसाच फुगतो. म्हणून उड्डाणाच्या दिवशी राजमा, वाटाणे, चवळी, कोबी आणि बाटलीतली फसफसणारी पेयं तिला वर्ज्य. शिवाय ती हवा फार कोरडी. तहान लागली नाही तरी ती घोट घोट पाणी पीत राहते. पाणी कमी पडून मुतखडा झाला, तर उड्डाण पुन्हा बंदच.

तिच्या डब्यात मी दशम्या देते. आपल्या आज्या-पणज्या प्रवासाला निघताना दुधात पीठ भिजवून दशम्या करत. त्या मऊ राहतात, टिकतात आणि सांडत-लवंडत नाहीत. सोबत मेथीची किंवा भोपळ्याची कोरडी भाजी, शेंगदाण्याची चटणी, खजूर आणि तिळाचा लाडू. कच्चा कांदा नाही, तळण नाही. दिवाळी म्हणून सासूबाईंनी डब्यात चार अनारसेही घातले होते. नणंदेने ते निघण्याआधीच बाहेर काढले. अनारशांवर खसखस असते आणि सिंगापुरात खसखस न्यायला बंदी आहे. दुबईलाही तेच! तेव्हा परदेशी जाणाऱ्या लेकी-सुनांना फराळ देताना आणि गोडा मसाला बांधून देताना खसखस आठवा, बरं का.

विमानात कॉकपिटचं दार बंद, त्यामुळे बाईसाहेब काय खातात ते मला दिसलं नाही. नंतर विचारलं, तेव्हा म्हणाली, "वहिनी, पहाटे दोन ते सहा या वेळात शरीर झोपायला बघतं. तेव्हा भरपेट जेवले तर डोळे मिटतील. म्हणून आधी घरचं नीट जेवायचं आणि मधे एक दशमी." दोघा वैमानिकांनी एकच पदार्थ खाऊ नये, अशी पद्धतही पुष्कळ कंपन्यांत आहे. फेब्रुवारी १९७५ मध्ये जपानहून पॅरिसला निघालेल्या एका विमानात नाश्त्यातलं हॅम-आमलेट खाऊन दोनशेच्या आसपास माणसं आजारी पडली. आचाऱ्याच्या बोटाला जखम होती आणि ते अन्न कित्येक तास गारव्याबाहेर राहिलं होतं. वैमानिकांनी तो नाश्ता खाल्लेला नव्हता, म्हणून विमान कोपनहेगनला सुखरूप उतरलं. बोट कापलेलं असताना कणीक मळायला बसू नये, ही आपल्या घरातली शिस्त उगीच नाही!

सिंगापूर आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. तिथे सकाळचे आठ वाजले, तेव्हा आमच्या शरीरात साडेपाचच होते. हॉटेलात नाश्त्याची भली मोठी मांडणी, केक आणि सॉसेजचे डोंगर. 'फुकट ते पौष्टिक' ही म्हण इथे अगदी उलटी आहे! नणंदेने एक अंडं आणि पपई घेतली आणि सरळ झोपली.

संध्याकाळी आम्ही लिटल इंडियातल्या टेक्का सेंटरमध्ये गेलो. बाहेर सेरंगून रस्ता दिवाळीच्या रोषणाईने झगमगत होता. आत एका अंगाला मासळी-भाजीचा बाजार, शेवग्याच्या शेंगा नि कढीपत्त्यासकट, आणि दुसऱ्या अंगाला खाण्याचे गाळेच गाळे. अशा सार्वजनिक खाणावळींना तिथे हॉकर सेंटर म्हणतात. त्यांच्या परंपरेला २०२० साली युनेस्कोच्या वारसायादीत जागा मिळाली. मंडई आणि खाऊगल्ली एका छपराखाली, पण जेवून झाल्यावर ताट स्वतः नेऊन ठेवायचं. नाही तर दंड! आम्ही मासळीच्या तुकड्यांचं पातळ सूप आणि थोडा भात घेतला. शाकाहारी बायकांसाठी इडली आणि तमिळ पद्धतीचा डोसा आहेच.

तिथली कॉफी म्हणजे 'कोपी'. एरवी ती आटवलेल्या गोड दुधाची असते. पण 'कोपी ओ कोसोंग' म्हटलं की बिनदुधाची, बिनसाखरेची मिळते. कोसोंग म्हणजे मलय भाषेत रिकामं. पेयांतली साखर नि स्निग्धांश पाहून तिथे ए ते डी अशी श्रेणी देतात. सी आणि डी असेल तर ती छापावीच लागते आणि डी श्रेणीच्या पेयाची जाहिरात करायला बंदी आहे. आपल्या शाळेतल्या प्रगतिपुस्तकासारखंच की! मात्र नणंदेने कॉफी जेवणाबरोबर घेतली नाही, तासाभराने घेतली. चहा-कॉफीमुळे अन्नातलं लोह अंगी लागत नाही. उलट सुपात पिळलेल्या लिंबामुळे ते जास्त लागतं. म्हणूनच आपली आजी पालेभाजीबरोबर लिंबाची फोड वाढायची.

गोळ्या, दशम्या आणि लिंबाची फोड यांच्या जोरावर नणंदेचं हिमोग्लोबिन चार महिन्यांत बारावर आलं आणि तिचं उड्डाण पुन्हा सुरू झालं. कर्जाचे हप्तेही आता वेळेवर जातात.

तुमच्या घरातला फिरतीवरचा माणूस कदाचित विमानात नसेल, लाल गाडीत असेल. त्याच्या डब्याचा विचार तसाच करा. निघण्याआधी घरचं जेवण, वाटेसाठी कोरडं आणि न तळलेलं, पाण्याची बाटली, जेवणानंतर लगेच चहा नको. आणि हो, सगळ्यांचे डबे भरून झाल्यावर मागे उरते ती अर्धी पोळी आणि गार चहा, ती घरातल्या बाईच्या वाट्याला. तिचं हिमोग्लोबिन तपासायला कुणी बोलावत नाही. तेव्हा एकदा स्वतःहून तपासून घ्या.